घरी सायकेडेलिक संगीत करताना सगळा आवाज गढूळ का होतो? (आणि खिडकीखालच्या डीपीचे काय करावे?)

पंचवटीकर
मंगळवार, रात्री ११.४०

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. गेली दोन वर्षे, दुसरी पाळी संपवून घरी आल्यावर मिळणाऱ्या दीड-दोन तासांत, हेडफोन लावून प्रायोगिक सायकेडेलिक संगीत करण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. या शब्दाने काहींच्या मनात लगेच अमली पदार्थ येतात, म्हणून आधीच सांगतो की त्यांच्याशी माझा काही संबंध नाही. १९५० च्या दशकात हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक शब्द जोडून हा शब्द घडवला तेव्हा त्याचा अर्थ ‘मन प्रकट करणारे’ एवढाच होता, आणि मला तेवढाच हवा आहे. एकच आवाज बराच वेळ ऐकत राहिल्यावर त्याच्या पोटातून दुसरा, तिसरा आवाज उलगडू लागतो आणि ऐकणाऱ्याला वेळेचे भान राहत नाही, असे संगीत मला करायचे आहे.

साहित्य फारसे नाही. एक इलेक्ट्रिक गिटार, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (वाद्य आणि माइक लॅपटॉपला जोडणारे यंत्र), जुना लॅपटॉप, त्यावर रीपर आणि ऑडॅसिटी ही ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअरे, एक कंडेन्सर माइक, पत्नीचा रियाजाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आणि वडिलांचा कॅसेट डेक, जो अजून उत्तम चालतो.

माझ्या अडचणी अशा आहेत. गिटारवर डिले (आवाजाची पुनरावृत्ती), त्यावर रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखे घुमणे), मग फेजर (आवाजाचा रंग सतत फिरवणारा परिणाम), मग आणखी एक रिव्हर्ब असे थर चढवत गेलो की पहिली दोन मिनिटे छान वाटतात, पण पुढे सगळे एकमेकांत मिसळून गोदावरीच्या पुराच्या पाण्यासारखे गढूळ होते. दुसरे असे की, तुकडा पंधरा मिनिटांचा केला तरी तो एकाच जागी उभा राहतो. आवाज भरपूर असतात, पण ऐकणारा कुठे जात नाही. आणि तिसरी अडचण अगदी व्यावहारिक आहे. आमच्या खिडकीखाली विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे आणि रात्री बाकीचा रस्ता शांत झाला की तिचा ‘घूं’ असा आवाज प्रत्येक ध्वनिमुद्रणात शिरतो. खिडकीला जाड पडदे लावले, गादी उभी करून पाहिली, तो काढण्याचे सॉफ्टवेअरही वापरले, पण त्या उपायात गिटारचा खालचा आवाजही मरतो.

घरात वडीलधारी माणसे झोपलेली असतात, त्यामुळे अॅम्प मोठा करून वाजवणे शक्य नाही. कोणी या वाटेने गेले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.


षड्जपंचम
बुधवार, सकाळी ७.१५

नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, शास्त्रीय गायन शिकते आणि थोडेफार शिकवतेही. गिटारच्या पेडलांबद्दल मला फार सांगता येणार नाही, परंतु तुमच्या दुसऱ्या अडचणीचे मूळ तुमच्या साहित्याच्या यादीतच आहे असे वाटते. तानपुरा तुम्ही पाचव्या-सहाव्या क्रमांकावर, पत्नीचा म्हणून, लिहिला आहे. माझ्या मते तुम्हाला जे संगीत करायचे आहे त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत सूक्ष्म यंत्र तेच आहे, आणि तुम्ही ते मागे कुठेतरी लावून ठेवत असाल असा माझा अंदाज आहे.

खऱ्या तानपुऱ्याकडे जरा जवळून पाहा. त्याची घोडी सपाट नसून किंचित गोलसर घासलेली असते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो धागा केसाएवढा पुढे-मागे केला की एका विशिष्ट जागी आवाज एकदम ‘उघडतो’, कारण थरथरणारी तार त्या गोलाईला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते आणि तारेतले वरचे स्वयंभू स्वर (मूळ स्वराच्या पटीत आपोआप उमटणारे) एकामागून एक वर येत जातात. हीच जवारी. तार एकदाच छेडलेली असते, पण तिचा रंग पुढचे चार-पाच सेकंद सतत बदलत असतो. तुमचा फेजर जे कृत्रिम रीतीने करू पाहतो, ते येथे तारेच्या अंगचे आहे.

एक प्रयोग करून पाहा. तानपुरा पंचमावर लावा, दिवा मालवा आणि वीस मिनिटे काहीही न वाजवता फक्त ऐका. पहिली काही मिनिटे ‘प सा सा सा’ एवढेच ऐकू येईल. नंतर खर्जाच्या तारेतून गंधार येऊ लागेल. आमच्या गुरूंकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कोणीही छेडलेला नसतो, खर्जाच्या पोटातच असतो. तो एकदा सापडला की कान आपोआप त्याच्यामागे जातो. ऐकणारा ‘कुठे जात नाही’ असे तुम्ही लिहिता, तर जाणे म्हणजे हेच. त्यासाठी एक वस्तू स्थिर हवी आणि तिच्यातला बदल हळू हवा. तुमच्या तुकड्यात सगळेच एकाच वेळी हलत असावे.

पाश्चात्त्यांनीही हे येथूनच घेतले आहे. १९६६ मध्ये बीटल्सनी तंबोऱ्याचा एकच अखंड सूर धरून त्यावर टेपचे लूप, म्हणजे टोके जोडून कायम फिरणारे तुकडे, फिरवले. टेरी रायली आणि ला मॉन्ट यंग हे अमेरिकन संगीतकार १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकले. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले होते आणि मिरजेचे तानपुरे आजही आपल्याकडे सर्वांत चांगले मानले जातात. वस्तू आपल्या घरातली आहे, म्हणून एवढे आग्रहाने लिहिले.


ओहमचा नियम
बुधवार, दुपारी १.०५

षड्जपंचम यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. मी त्याला आकड्यांची जोड देतो, कारण गढूळपणाचे कारण मोजता येण्यासारखे आहे.

डिलेमध्ये फीडबॅक, म्हणजे पुन्हा आत पाठवलेला आवाज, ५० टक्के ठेवला तर प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्यापेक्षा ६ डेसिबलने कमी होते, म्हणजे मूळ आवाज ६० डेसिबलने खाली, जवळपास ऐकू न येण्याइतका, जायला दहा पुनरावृत्त्या लागतात. डिले अर्ध्या सेकंदाचा असेल तर पाच सेकंदांत जागा रिकामी होते. हाच फीडबॅक ८० टक्क्यांवर नेला की प्रत्येक वेळी जेमतेम २ डेसिबल कमी होतात, आणि तेवढीच घसरण व्हायला एकतीस पुनरावृत्त्या, म्हणजे साडेपंधरा सेकंद लागतात. तुम्ही कोणताही स्वर वाजवता तेव्हा मागच्या साडेपंधरा सेकंदांतले सगळे स्वर अजून खोलीत उभे असतात, त्यावर दोन रिव्हर्ब आणखी शेपूट लावतात, आणि तुम्ही जर दर दोन सेकंदांनी स्वरसमूह बदलत असाल तर सात-आठ स्वरसमूह एकाच वेळी वाजत राहतात. गढूळ होणारच. त्यामुळे एक तर फीडबॅक कमी ठेवा, किंवा तो जास्त ठेवायचा असेल तर असेच स्वर वाजवा की जे पंधरा सेकंदांनंतरही एकमेकांना चालतील. दोन रिव्हर्ब ओळीने लावू नका. एकच वेगळ्या ट्रॅकवर ठेवून सर्वांना त्यातून थोडे थोडे पाठवा आणि त्या ट्रॅकवर २५० हर्ट्झच्या खालचे कापून टाका. चिखल जमतो तो बहुतेक याच पट्ट्यात.

आता डीपीकडे येतो, आणि हा या चर्चेतला माझ्या सर्वांत आवडीचा भाग आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतो आणि सैल होतो, म्हणून तो १०० हर्ट्झवर गुणगुणतो आणि त्याच्या वर २००, ३००, ४०० असे स्वर धरतो. १०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या, म्हणजे पाश्चात्त्य जी स्वराच्या, अगदी थोडे वर. जी ९८ हर्ट्झला आहे. तुमच्या खिडकीखाली एक अखंड, कधी न थकणारा षड्ज चालू आहे आणि तुम्ही दोन वर्षे तो पुसण्याच्या मागे लागला आहात. तो पुसू नका, त्यालाच सा धरा.

गिटार ओपन जी पद्धतीने (मोकळ्या तारा छेडल्या की जीचा स्वरसमूह वाजेल अशी) लावा, पण ट्यूनरवर नव्हे, डीपीच्या सुरावर. पाचवी तार १०० हर्ट्झचा सा. तिसरी तार २०० हर्ट्झ, तार षड्ज. सहावी ७५, चौथी १५० आणि पहिली ३००, हे तिन्ही पंचम. दुसरी तार २५० हर्ट्झचा शुद्ध गंधार. सगळे आकडे ५० च्या पटीत किंवा त्याच्या दीडपटीत येतात, त्यामुळे त्या सहा तारा आणि ती डीपी मिळून एकच वाद्य होते. यात गंधाराच्या तारेकडे विशेष लक्ष द्या. ट्यूनरप्रमाणे लावलेला गंधार २५२ हर्ट्झला येतो आणि सा च्या पाचव्या स्वयंभू स्वराशी, म्हणजे ५०० हर्ट्झशी, त्याचा दुसरा स्वर ५०४ वर टक्कर घेतो. ती टक्कर सेकंदाला चार वेळा डोलताना स्पष्ट ऐकू येते. खुंटी उतरवत जा. डोलणे मंदावत मंदावत थांबेल, तेथे षड्जपंचम यांचा स्वयंभू गंधार भेटेल.

डीपीच्या जवळ मात्र जाऊ नका आणि खिडकीबाहेर वायर लोंबकळत सोडू नका. त्याची गरजही नाही. एम. जी. रोडवर सुटे भाग मिळतात तेथून २७ मिलिमीटरची पीझो चकती (कंपनांचे विजेत रूपांतर करणारी) आणा, तिला जॅकची वायर झाळून घ्या आणि चकती घराच्या आतल्या बाजूने खिडकीच्या ग्रीलला घट्ट चिकटवा. इंटरफेसवरचे ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण दाबायला विसरू नका, कारण साध्या माइकच्या इनपुटात पीझोचा खालचा आवाज येतच नाही.


षड्जपंचम
बुधवार, रात्री ९.३०

कल्पना फार सुंदर आहे, तरी माझी एक शंका आहे. विजेची आवर्तने दिवसभर अगदी स्थिर नसतात असे ऐकून आहे. षड्जच हलू लागला तर त्यावर उभे केलेले काहीच टिकणार नाही. गायकाच्या दृष्टीने हा लहान प्रश्न नाही.


ओहमचा नियम
बुधवार, रात्री १०.१०

शंका रास्त आहे. राष्ट्रीय वीजजाळ्याच्या नियमांप्रमाणे आवर्तने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असतात. म्हणजे तुमचा सा ९९.८ ते १००.१ हर्ट्झ यांच्यामध्ये राहील. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, तर हा फरक जेमतेम पाच सेंटांचा आहे, आणि तोही मिनिटामिनिटांत सरकत जाणारा. गिटारच्या तारा खोलीच्या उष्णतेने यापेक्षा जास्त उतरतात. मला तर हे हवेच आहे, कारण सा किंचित श्वास घेतल्यासारखा वर-खाली झाला की वरच्या स्वरांमधले डोलणे कधी दोन सेकंदांचे, कधी दहा सेकंदांचे होते, आणि तो बदल कोणीही हाताने केलेला नसतो.


षड्जपंचम
बुधवार, रात्री १०.२५

पाच सेंट माझ्या कानाला कळतात, एवढे नोंदवून ठेवते. परंतु आपण गायन करत नाही आहोत हे मान्य करून पुढे जाऊ. फक्त या संगीताला कोणत्याही रागाचे नाव देऊ नये अशी विनंती आहे. स्वर घेतले म्हणजे राग घेतला असे होत नाही.


फीतवाला
गुरुवार, सकाळी १०.५०

वडिलांचा कॅसेट डेक चालतो आहे हे वाचून आनंद झाला. माझे पूर्वी जुन्या नाशकात कॅसेट आणि डेक दुरुस्तीचे दुकान होते, त्यामुळे या एका गोष्टीवर अधिकाराने लिहितो.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. म्हणजे २४ सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याची दोन टोके जोडली तर पाच सेकंदांचा कायम फिरणारा लूप तयार होतो. त्यासाठी स्क्रूने जोडलेली कॅसेट घ्यावी, चिकटवलेली घेऊ नये. पाच स्क्रू काढून वरचे झाकण उचला. फीत तिरकी कापा, कारण सरळ कापली तर प्रत्येक फेरीला जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो; कात्रीला लोहचुंबक लागलेले असेल तरीही येतो, म्हणून नवे ब्लेड वापरा. दोन्ही टोके एकमेकांना भिडली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. जोड फितीच्या पाठीवर द्या, म्हणजे गुळगुळीत बाजूला. साध्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडवर (फितीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर) बसतो, त्यामुळे स्प्लायसिंग टेप मिळाली तर तीच वापरा. मग फीत दोन्ही कोपऱ्यांतल्या लहान रुळांवरून आणि गुंडाळणाऱ्या चक्राभोवतून अशी फिरवा की ती ताणलेलीही नसेल आणि लोंबणारीही नसेल. बोटाच्या नखाने चक्र फिरवून पाहिल्यावर फीत न अडखळता सरकली की झाकण लावा. पहिल्या चार-पाच खेपांना जमणार नाही. माझ्या दुकानात शिकायला आलेल्या मुलांनाही ते दुसऱ्या दिवशी जमायचे.

आता खरी गंमत पुढे आहे. डेकमध्ये रेकॉर्डिंगच्या हेडच्या आधी पुसणारा हेड असतो. त्याच्यासमोर पातळ प्लॅस्टिकचा लहानसा कपटा बसवला की जुने पुसले जात नाही आणि नवे त्यावर चढते. मात्र नवे चढताना जुने थोडे फिके होते, आणि फिके होताना आधी त्याची धार जाते. त्यामुळे दहा-बारा थर दिले तरी कॉम्प्युटरसारखा चिखल होत नाही. मागचे मागे सरकत जाते. तुमच्या गढूळपणावर ओहमचा नियम यांनी सांगितलेला उपाय बरोबरच आहे, पण फीत तेच काम न सांगता करते.

वडिलांचा डेक असल्यामुळे आधी हेड आणि रबरी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसून घ्या. आणि प्लॅस्टिकचा कपटा कायमचा चिकटवू नका. तो डेक त्यांनी जपून ठेवला आहे.


पंचवटीकर
शुक्रवार, मध्यरात्री १२.२०

सर्वांचे मनापासून आभार. आज पाळीवरून आल्यावर पीझो चकती ग्रीलला लावली. ऑडॅसिटीमध्ये आलेख काढून पाहिला तर १०० वर उंच शिखर, २०० आणि ३०० वर लहान. ज्या आवाजावर मी दोन वर्षे चिडत होतो तो असा रांगेत उभा राहिलेला पाहून काही वेळ नुसता बसून राहिलो. दुसरी तार उतरवताना डोलणे थांबल्याचा क्षणही आला. पत्नीला झोपेतून उठवून हेडफोन दिला, तिला तो माझ्यापेक्षा लवकर कळला.

दोन प्रश्न उरले आहेत. गिटारच्या पडद्यांवर (फ्रेटवर) बोट ठेवून वाजवलेले स्वर या लावणीत बेसूर लागतात, त्याचे काय करावे? आणि हळू बदल हवा हे पटले, पण तो नेमका कसा आणावा?


ओहमचा नियम
शुक्रवार, सकाळी ८.००

पडदे समान अंतराच्या स्वरसप्तकाप्रमाणे बसवलेले असतात, म्हणून ते बेसूर लागणारच. शक्यतो मोकळ्या तारा आणि स्लाइड (तारेवरून सरकवायची नळी) वापरा. काचेची स्लाइड नसेल तर लहान जाड काचेची बाटली चालते. स्लाइड पडद्याच्या नेमकी वर न थांबवता कानाने थांबवा.

हळू बदलासाठी एक सोपी युक्ती आहे, जी मी स्वतः बहुतेक प्रत्येक तुकड्यात वापरतो. दहा मिनिटे वाजवलेला एकच ट्रॅक घ्या, रीपरमध्ये त्याची प्रत करा आणि प्रतीचा वेग ०.९९९९ करा, वेग बदलताना स्वर कायम ठेवण्याची खूण काढून टाका. दोन्ही एकत्र सुरू करा. सुरुवातीला काहीच फरक नसतो. प्रत दर दहा सेकंदांना एक मिलिसेकंद मागे पडते. ती ५ मिलिसेकंद मागे पडली की १००, ३००, ५०० हर्ट्झचे स्वर एकमेकांना खोडतात, आणि अंतर वाढत जाते तशा या खाचा खाली सरकत जातात; कानाला वाटते की आवाजातून एक पोकळ नळी हळूहळू ओढली जात आहे. साधारण तीन मिनिटे वीस सेकंदांना अंतर २० मिलिसेकंद होते, तेव्हा नळी विरून दोन गिटार झाल्यासारखे वाटते. शेवटी ६० मिलिसेकंदांवर स्पष्ट प्रतिध्वनी मिळतो. एक आकडा बदलला, बाकी काही नाही. मात्र डीपीच्या ट्रॅकवर हे करू नका, नाहीतर पन्नासाव्या सेकंदाला तुमचा सा च खोडला जाईल.

रिव्हर्बसाठी तुमच्या इमारतीचा जिना वापरा. दुपारी, शेजाऱ्यांना सांगून, तळाशी फुगा फोडा आणि तिसऱ्या मजल्यावर माइक ठेवून तो आवाज मुद्रित करा. ती फाइल रीपरमधल्या ‘रीव्हर्ब’ (ReaVerb) या साधनात घातली की गिटार त्या जिन्यात वाजू लागते.


तांबट आळी
शुक्रवार, सायंकाळी ६.४५

चर्चा मन लावून वाचत होतो. सगळे तारेवर आणि फितीवर चालले आहे, म्हणून थोडे शहराबद्दल लिहितो.

आपल्याकडे हे संगीत नवे आहे असे अनेकांना वाटते, पण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारे यंत्र) आला होता आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने तेथे ध्वनिस्टुडिओ उभा राहिला होता. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी तीन यंत्रे घेऊन दहा रागांवर एक तबकडी केली, जिची गोडी जगाला पंचवीस-तीस वर्षांनी कळली. दोघांकडेही समोर जे होते ते कान देऊन ऐकण्याची तयारी होती.

नाशकात तर समोर पुष्कळ आहे. भांडीबाजारात जाऊन पितळेचे घंगाळ, तांब्या, परात हातात घेऊन टिचकी मारून पाहा. दुकानदार हसतात, पण थांबवत नाहीत. घंगाळात बोटभर पाणी घेऊन कडेवर लाकडी टिपरी मारली आणि घंगाळ हळू तिरके केले की स्वर वाकतो. तो पीझोने मुद्रित करून निम्म्या वेगाने वाजवा. स्वर एक सप्तक उतरतो, नाद दुप्पट लांबतो, आणि पाण्याचे डुचमळणे एखाद्या मोठ्या प्राण्याच्या श्वासासारखे ऐकू येते. मी स्वतः हे चार वर्षे करत आहे आणि अजून कंटाळलो नाही.

घंटांबाबत सावध राहा. घंटेचे वरचे स्वर तारेसारखे पटीत नसतात. युरोपीय पद्धतीने ओतलेल्या चर्चच्या घंटांत तर कोमल गंधार ठळक असतो, आणि तो तुमच्या २५० हर्ट्झच्या शुद्ध गंधाराशी भांडेल. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आणलेली नारोशंकराची घंटा आपण सगळे लहानपणापासून पाहतो. घंटेचा नाद वापरायचा असेल तर दुसरी तार त्या तुकड्यापुरती सैल करून ठेवा, किंवा घंटेचा आघात कापून फक्त शेपूट घ्या आणि उलटे वाजवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. संबळ वाजवणारे गोंधळी, ढोलपथके, पेठ-सुरगाण्याकडचे पावरी (फुंकून वाजवायचे आदिवासी वाद्य) वाजवणारे, यांचे वादन रस्त्यावरून जाता जाता फोनवर टिपून आपल्या तुकड्यात घालू नका. थांबून विचारा, काय करणार ते सांगा, बिदागी द्या, आणि तुकडा झाल्यावर त्यांना ऐकवा. त्यांच्यासाठी ती कला आणि पोट दोन्ही आहे. मी एका संबळवादकांना त्यांचाच ताल निम्म्या वेगात ऐकवला तेव्हा त्यांनी तो दोनदा मागून घेतला आणि तिसऱ्यांदा ऐकताना चुटकीने मधल्या जागा भरून दाखवल्या. त्या चुटक्या माझ्या त्या तुकड्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे, आणि त्यासाठी त्यांचे नाव लावले आहे.


पंचवटीकर
सोमवार, पहाटे २.१०

शनिवारी आणि रविवारी सुट्टी मिळाली. पहिला पूर्ण तुकडा झाला, तेवीस मिनिटांचा.

तळाशी डीपी आहे. त्यावर मोकळ्या तारांचा एक ट्रॅक आणि त्याची ०.९९९९ वेगाची प्रत. कॅसेटचा लूप सहाव्या प्रयत्नात जमला. जोडावर अगदी बारीक ‘टक्’ राहिला आहे, पण तो दर पाच सेकंदांनी येत असल्याने मी त्यालाच ताल धरले आणि घंगाळाचा प्रत्येक आघात त्याच्याजवळ ठेवला. वडील संध्याकाळी येऊन बसले होते. प्लॅस्टिकचा कपटा त्यांनीच चिमट्याने बसवला आणि नंतर आठवणीने काढून ठेवला.

मला लिहायचे आहे ते चौदाव्या मिनिटाबद्दल. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता आणि इंटरफेस त्याच्यावर, त्यामुळे मुद्रण थांबले नाही. फक्त डीपी थांबली. सा गेला. गिटारच्या सगळ्या तारा त्याच्याच मापाने लावलेल्या असल्याने माझा हात थबकला, पण तारांमधून तो अजून ऐकू येत होता, १५०, २५० आणि ३०० मिळून खाली ५० चा भास देत होते. मी वाजवत राहिलो. साधारण चार मिनिटांनी वीज परत आली आणि डीपी पुन्हा घुमू लागली तेव्हा माझ्या तारा किंचित उतरलेल्या होत्या, म्हणून काही क्षण सगळे मोठ्याने डोलले, आणि मी दोन खुंट्या पिळत ते डोलणे वाजवता वाजवताच शांत केले. हे सगळे मुद्रणात आहे. कापावे की ठेवावे हे मला ठरवता येत नाही.


षड्जपंचम
सोमवार, सकाळी ७.४०

ठेवा. मैफलीत तानपुरा उतरला तर आम्हीही श्रोत्यांसमोरच तो जुळवून घेतो, आणि जाणकार श्रोता तेवढा वेळ तारेकडे कान लावून बसतो.

येत्या रविवारी सायंकाळी पत्नीला घेऊन माझ्याकडे या. मिरजेचा तानपुरा आहे, तो १०० हर्ट्झवर लावून ठेवते. फीतवाला आणि बाकीच्यांनीही यावे. आमच्या गल्लीत डीपी नाही, त्यामुळे ग्रीलचे मुद्रण सोबत आणा.


फीतवाला
सोमवार, सकाळी ९.०५

मी येतो. तुमचा लूपही आणा. तो ‘टक्’ काढायचा नसला तरी जोड एकदा पाहून देतो, नाहीतर महिन्याभरात तो सुटेल.